आठवीनंतर काय?

अमिश, म्हणजे अमेरिकेतला जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ, त्यांच्या शाळांना एका लेखात सरसकट मागासलेल्या म्हटलंय ते अजिबात पटलं नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टरकडे एकाच खोलीत पहिली ते आठवीची पोरं बसतात, शिकवणारी बहुतेकदा त्यांच्यातलीच लग्न न झालेली तरुण मुलगी, तीही आठवीच शिकलेली, आणि मोठी पोरं लहानांना मदत करतात. घरी पेनसिल्व्हेनिया डच (जर्मनचीच एक बोली), शाळेत इंग्रजी, वर बायबलसाठी जर्मन, हे काय कमी आहे का? पण आठवीनंतर शाळा बंद हे मात्र खटकतं. १९७२ मध्ये योडर खटल्यात, म्हणजे आठवीनंतर पोरांना शाळेत न पाठवणाऱ्या अमिश आईवडिलांच्या खटल्यात, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने आईवडिलांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा त्याच कोर्टातले एक न्यायाधीश, जस्टिस डग्लस, यांचं म्हणणं होतं की मुलांनाही विचारा, एखाद्याला पियानोवादक किंवा अंतराळवीर व्हायचं असेल. मला त्यांचंच बरोबर वाटतं.