बापरे म्हणजे नुसती भीती नाही हो

भीती आणि धक्का दाखवणाऱ्या मराठी शब्दांवरच्या लेखात बापरे हा भीती दाखवणारा शब्द आहे असं म्हणून विषय संपवलाय ते काही पटलं नाही. शाळेच्या व्याकरणात तो केवलप्रयोगी अव्ययांमधे (म्हणजे मनातली भावना एकदम बाहेर काढणारे उद्गार), तोही बहुतेक वेळा आश्चर्यवाल्या गटात असतो, अबब आणि अरेच्चाच्या शेजारी. आता अबब आणि बापरे एकच का? बिल बघून अबब चालेल, पण कुणाचा अपघात झाला असं कळल्यावर अबब म्हणून बघा, लोक वळून बघतील 😀 तिथे बापरेच येतं, कारण त्यात धक्का पण आहे आणि पोटात गोळा येणं पण आहे. मूळ तर सरळच आहे, बाप अधिक रे, म्हणजे घाबरलेला माणूस बापाला हाक मारतो, आणि दुखलं की आई गं. (यावर कुणीतरी अभ्यास करा राव.)

आणि सगळा खेळ स्वराचा आहे. बाऽऽपरे लांबवलं की बऱ्याचदा कौतुक किंवा टोमणा, "बापरे, आज चक्क वेळेवर!", तेच हळू आवाजात तुटक म्हटलं की खरा हादरा. टाइप करताना हे सगळं जातं, म्हणून मेसेजमधे कुणाच्या आजारपणाच्या बातमीखाली नुसतं "बापरे" लिहिलं तर कोरडं वाटतं, पुढे "काय झालं, कसे आहेत आता" असं काहीतरी लिहावंच लागतं. बाकी हादरणं, हबकणं, थिजणं यातला फरक लेखात छान सांगितलाय.