दिव्याखाली जागरण

कुडाळ-मालवणकडच्या कुठल्याही बाजारपेठेत इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन बल्ब मागा. दुकानदार एकच प्रश्न विचारतो, "पिवळो की पांढरो?" आणि आपण तोंड उघडायच्या आत उत्तरही तोच देतो, "पांढरो घेवा. उजेड जास्ती पडता." मग काउंटरवरच्या होल्डरला बल्ब अडकवतो, भर दुपारी बारा वाजता तो आपल्या नाकासमोर पेटवतो, आपले डोळे आपोआप मिटतात, आणि मिटलेले डोळे म्हणजे पसंती असं धरून तो बिल फाडतो.

उजेड जास्त पडतो, ही यातली पहिली थाप. ९ वॅटचे दोन बल्ब घ्या, एक पिवळा, एक पांढरा, आणि खोक्यावरचे ल्युमेन, म्हणजे एकूण उजेडाचं माप, वाचा. दोन्हीकडे आकडा ९०० च्या अलीकडे-पलीकडे असतो. फरक असलाच तर पाच-दहा टक्क्यांचा. पांढरा जास्त वाटतो तो त्याच्या रंगामुळे. शिवाय दुकानात चारी बाजूंना पांढऱ्या ट्यूब जळत असताना मधोमध लावलेला पिवळा बिचारा काविळीचा रोगी दिसणारच. बल्ब पारखायचा तर रात्री, घरात, बाकीचे दिवे घालवून, आणि डोळ्यांना दहा मिनिटं सवय होऊ देऊन.

दुसरा गोंधळ खोक्यावरच्या नावांचा. 'वॉर्म' म्हणजे २७०० ते ३००० केल्विन आणि 'कूल डेलाइट' म्हणजे ६५०० केल्विन. म्हणजे जो ऊबदार तो कमी तापमानाचा आणि जो गार तो जास्त तापमानाचा! ज्याने ही नावं ठेवली त्याने लोहाराच्या भट्टीत कधी डोकावलेलं नसणार. लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. जुन्या पिवळ्या बल्बची तार खरोखर २७०० केल्विनच्या आसपास तापायची, म्हणून तो आकडा. आताच्या एलईडीत उजेडासाठी तार तापत नाही, नुसता तापल्याचा रंग असतो. ट्यूबवर बारीक अक्षरात ८६५ किंवा ८२७ असा आकडा दिसला तर शेवटचे दोन आकडे म्हणजे ६५०० आणि २७००, आणि पहिला ८ म्हणजे रंग बऱ्यापैकी खरे दिसतील याची हमी.

घुमट फुटलेला एखादा एलईडी बल्ब घरात असेल तर फेकण्याआधी बघून घ्या. आत पत्र्यावर पिवळ्या टिकल्या चिकटवलेल्या दिसतील. प्रत्येक टिकलीखाली निळा प्रकाश देणारी चिप असते आणि वरचा पिवळा थर त्या निळ्याचं पांढरं करतो. थर जाड आणि केशरीकडे झुकलेला असेल तर पिवळा बल्ब, पातळ असेल तर पांढरा. म्हणजे पांढऱ्यातून जास्त निळा निसटतो. आपल्या डोळ्यात, बघायच्या पेशींखेरीज, अशा काही पेशी असतात की ज्यांना चित्राशी देणंघेणं नाही. दिवस आहे की रात्र एवढंच त्या मेंदूला कळवतात, आणि त्यांना सगळ्यात जास्त चेव येतो तो ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्याने. निळा दिसला की दिवस, की मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, थांबव, की झोप लांबणीवर. २०१४ चं भौतिकीचं नोबेल या निळ्या एलईडीला मिळालं आणि २०१७ चं वैद्यकाचं, शरीराचं दिवसरात्रीचं घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्यांना. आपल्या माजघरात या दोन नोबेलांची रोज रात्री नऊ ते अकरा जुंपलेली असते.

मात्र पिवळा बल्ब आणला की काम फत्ते, असं मानणारे लोक पांढऱ्यावाल्यांपेक्षा धोकादायक. सारख्याच उजेडात ६५०० चा बल्ब त्या पेशींना २७०० च्या साधारण दुप्पट डिवचतो. म्हणजे हिशेब असा, की दोन पिवळे लावले की एक पांढरा झाला. झोपेसाठी म्हणून २० वॅटचा पिवळा डोक्यावर टांगणं हे मधुमेहावर उपाय म्हणून साखरेऐवजी दुप्पट गूळ खाण्यातलं आहे. २०२२ साली या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन आकडा सांगितला. झोपेआधीचे तीन तास डोळ्यापाशी १० लक्सच्या आत प्रकाश असावा. लक्स म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो त्याचं माप; इथे ते त्या पेशींना दिवसाच्या उजेडाच्या तुलनेत किती चेव येतो त्यावरून धरलेलं. हीच शिफारस कोकणातली प्रत्येक आजी गेली कित्येक वर्षं "मेल्या, दिवो मालव, बिल वाढता" अशा शब्दांत करते आहे, पण तिला कोणी संशोधनात धरत नाही.

तर दहा बाय बाराच्या झोपायच्या खोलीत रात्रीला ३ ते ५ वॅटचा २७०० चा एक बल्ब पुरे. तोही छताला नको. भिंतीवर, डोळ्यांच्या पातळीखाली, तोंड भिंतीकडे करून. जांभ्याची उघडी भिंत असेल तर फारच छान, कारण तो लाल दगड उरलासुरला निळा गिळून टाकतो. चुन्याची पांढरी भिंत प्रकाश परत फेकते, तिथे ३ वॅटवर थांबावं. आणि तो निळा झिरोचा बल्ब! सगळं घर झोपवण्यासाठी अख्ख्या इंद्रधनुष्यातला नेमका जागवणारा रंग निवडायचा, याला काय म्हणावं? अर्ध्या वॅटचा असतो म्हणून फार बिघडत नाही, एवढंच. त्याच खर्चात लाल किंवा केशरी मिळतो. म्हाताऱ्या माणसांना रात्री न्हाणीघराकडे उठावं लागतं, त्यांच्या वाटेवर तो गुडघ्याच्या उंचीवर लावावा. अंधारात ठेचकाळण्यापेक्षा थोडं मेलाटोनिन गेलेलं परवडलं.

पांढऱ्याला घरातून हाकलायचं मात्र कारण नाही. आषाढात कौलारू घराचं माजघर भर दुपारीही तिन्हीसांज झाल्यासारखं असतं. बाहेर ढगाळलेल्या खळ्यातही हजारो लक्स, आणि आत शंभराच्या खाली. शरीराच्या घड्याळाला दिवस कळला नाही तर रात्रही कळत नाही, म्हणून ६५०० चा दिवा माजघरात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खुशाल लावा. आपण नेमकं उलटं करतो. दिवसा वीज वाचवतो आणि तिन्हीसांजेला दुपार उजाडवतो. स्वयंपाकघरात ४००० चा बरा. बांगड्याचे कल्ले लाल आहेत की तपकिरी हे ज्या दिव्यात कळत नाही तो दिवा कोकणातल्या स्वयंपाकघरात राहायच्या लायकीचा नाही. तिथे केल्विनपेक्षा खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, बघा, ८० च्या वर, ९० मिळाला तर देव पावला. पडवीत पिवळाच. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे पांढऱ्यावर वरातीसारखे येतात. पिवळ्यावर कमी येतात, येत नाहीत असं नाही. दिवा दारावर न लावता चार हात बाजूला लावला आणि खाली परातीत पाणी ठेवलं, तर निदान आमटीत पडत नाहीत.

आता त्या तीन रंगांच्या बल्बबद्दल. एकच बल्ब, बटण बंद-चालू केलं की पांढरा, पुन्हा केलं की पिवळा, पुन्हा केलं की मधला. कल्पना नामी. फक्त ज्याने ती काढली त्याने कोकणातला पाऊस बघितलेला नाही. कारण बल्बला बटण कोणी दाबलं हे कळत नाही. त्याला एवढंच कळतं की वीज गेली आणि दोन-चार सेकंदांत आली. हे काम आमच्याकडे माडाचं झाप, म्हणजे झावळी, करतं. झाप तारेला टेकलं, पिवळ्याचा मधला झाला. पुन्हा टेकलं, पांढरा झाला. एका वादळी रात्रीत खोली सहा वेळा रंग बदलते आणि अंथरुणातली माणसं नाटकातल्या, डोळ्यांदेखत रूप बदलणाऱ्या ट्रान्सफर सीनमध्ये अडकल्यासारखी बघत राहतात. लाईट जास्त वेळ गेली तर यातले बरेच बल्ब पहिल्या रंगावर परततात, आणि पहिला रंग बहुधा पांढरा. बटण चालूच राहिलेलं असतं. पहाटे तीनला लाईट येते आणि धाड पडल्यासारखं सगळं घर उठून बसतं. झोपायच्या खोलीत एकरंगी बल्ब घ्या, आणि लाईट गेली की बटण बंद करून मगच आडवे व्हा. इन्व्हर्टर बल्बही बहुतेक पांढराच मिळतो. तो पडवीत ठेवावा, उशाशी नाही.

बटण बंद केल्यावरही बल्ब काजव्यासारखा लुकलुकत असेल तर ते भूत नव्हे. एक तर बटणाच्या लाल इंडिकेटरमधून किंचित वीज झिरपते, नाहीतर वायरिंग करताना बटण वीज आणणाऱ्या फेजऐवजी परतीच्या न्यूट्रलवर बसवलेलं आहे. दुसऱ्या प्रकारात बटण बंद असूनही होल्डर जिवंत असतो, तेव्हा स्टुलावर चढण्याआधी वायरमन बोलवा. आणि चालू बल्ब फडफडत असेल तर त्याला लगेच शिव्या घालू नका. खाऱ्या हवेने होल्डरच्या पितळी पिना हिरव्या पडतात आणि मागची स्प्रिंग मरते. मेन बंद करून पिना पॉलिश पेपरने घासाव्यात, स्प्रिंग मऊ लागली तर सरळ नवा होल्डर. या एका हिरव्या पिनेपायी कित्येक निरपराध बल्ब कोकणात गडग्यापलीकडे गेले असतील.

एवढं सगळं जमवलं तरी चतुर्थी येतेच. माजघरात मखर, मखरावर पांढरे फोकस, खाली चाकरमान्यांच्या ओळीने पडलेल्या वळकट्या. खरं म्हणजे त्या खोलीत झोपेसाठी सर्वांत योग्य दिवा आधीपासूनच असतो. समईची ज्योत १९०० केल्विनच्या आसपास भरते. फोकस घालवावेत, कोपऱ्यात एक पिवळा ठेवावा, समई तेवत राहू द्यावी. पंधरा मिनिटांत ओळीतून घोरणं सुरू होतं. मग रात्री एकला वाडीतली भजनाची मंडळी येतात. बुवा पेटी पुढ्यात ओढतात, वर बघतात आणि कपाळाला आठी घालतात.

"हो पिवळो घालवा आणि पांढरो लावा बघूया. डोळ्यार झोप येता."