कॉलमचं नाव 'आयटम्स' ठेवणाऱ्याला दंडवत

एरर तरी दे ना बे! ट्रेसबॅक फेक, लाल अक्षरांत शिव्या घाल, चालते. पण ही एसक्यूएल अल्केमी, म्हणजे पायथनमधून डेटाबेसशी बोलायची लायब्ररी, शून्य रो (ओळी) देऊन गप्प बसते.

आजचंच घ्या. संत्र्याच्या आवकेचं जुनं टेबल, ऑटोलोडनं, म्हणजे कॉलमची नावं डेटाबेसमधूनच वाचून, उचललेलं. त्यात कोण्या दीडशहाण्यानं मालाच्या कॉलमला नाव दिलंय 'आयटम्स'. व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, टेबल डॉट सी (टेबलाचे कॉलम) डॉट आयटम्स, डबल इक्वल, 'संत्रा'. रिपोर्ट कोरा. ऐन अंबिया बहारात नागपुरात संत्री शून्य! इंजिनाला इको ट्रू लावून क्वेरी छापून पाहिली तर पोस्टग्रेस डेटाबेसकडे गेलेल्या क्वेरीच्या शेवटी कॉलमचा पत्ताच नाही, नुसतं 'व्हेअर फॉल्स'. कारण डॉट सी हे डिक्शनरीच्या जातीचं कलेक्शन. आयटम्स, कीज, व्हॅल्यूज, गेट या त्याच्या स्वतःच्या मेथड, म्हणजे फंक्शनं. डॉट लावला की कॉलमऐवजी मेथड हातात पडते, मेथड आणि 'संत्रा' यांची तुलना पायथन परस्पर उरकतो, उत्तर फॉल्स, आणि व्हेअर ते निमूट गिळतो. ग्रेटर दॅन असतं तर निदान टाइप एरर आला असता. आणि नॉट इक्वल असतं तर? ट्रू. तेच डिलीटच्या व्हेअरमध्ये गेलं की अख्खं टेबल साफ. बाप्पा!

इलाज काय, तर चौकोनी कंस आणि अवतरणात नाव. सबक्वेरीच्या डॉट सीलाही तेच.

याचाच सख्खा भाऊ 'इज नन'. कॉलम रिकामा आहे का ते पाहायला कॉलम इज नन लिहिलं की पुन्हा फॉल्स, पुन्हा शून्य रो. तिथं डबल इक्वल नन, नाहीतर इज अंडरस्कोर. पायथनचे लिंटर, म्हणजे कोड तपासणारी टूल्स, मात्र नेमकं उलटं लिहा म्हणून बोंबलून राहिले.

मॉडेलमध्ये, म्हणजे टेबलासाठी लिहिलेल्या पायथन क्लासमध्ये, ॲट्रिब्यूटला 'माल' म्हणा आणि मॅप्ड कॉलमला 'आयटम्स' सांगा, की क्लासवर 'माल' चालतो, पण त्याच क्लासच्या टेबलाच्या डॉट सीवर ॲट्रिब्यूट एरर. तिथं अजून 'आयटम्स'च. क्लास-टेबलाची जोडी लावणाऱ्या मॅपरच्या कॉलम्सवर पुन्हा 'माल'. एका कॉलमला माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं!

एसक्यूएल अल्केमी 2.0 आल्यापासून रिझल्टच्या रोला अवतरणातलं नावही चालत नाही, अंडरस्कोर मॅपिंग मधे घाला. अख्खं मॉडेल सिलेक्ट केलं आणि स्केलर्स (रोतून ऑब्जेक्ट थेट काढून देणारी मेथड) विसरलात, तर रोच्या आत बसलेलं ऑब्जेक्ट उकरून काढा. दोन टेबलांचे आयडी एकत्र मागा, दुसरा 'आयडी अंडरस्कोर एक' होऊन येतो.

आणि वरून, टेबलांना क्लासशी जोडणाऱ्या या ओआरएमवर नाक मुरडणारे ते सल्लागार: 'काहून ओआरएम वापरतो बे, सरळ क्वेरी लिही.' लिही म्हणे! चार टेबलांचे जॉइन हातानं लिहायचा कंटाळा येतो म्हणूनच तर हे लफडं गळ्यात घेतलंय. एवढं ओरडून उद्या सकाळी फाइलच्या डोक्यावर हेच इम्पोर्ट करणार, कुठं जाणार.

पण 'मेटाडेटा' नावाचा कॉलम ज्यानं टेबलात घातलाय, त्यानं समोर यावं. डिक्लेरेटिव्हमध्ये, म्हणजे मॉडेल क्लास लिहायच्या पद्धतीत, ते नाव राखीव आहे, क्लास बनतानाच फुटते. तिथं एरर बरोबर देतो लेकाचा.