चौथा अतिरेकी

शेजारच्या काकूंच्या पुतण्याला सिनेमात चौथ्या अतिरेक्याचं काम मिळालं, त्याचे पेढे आम्ही खाऊन बसलो होतो. आता नाही म्हणायची सोय नव्हती. त्यात साताऱ्याहून मामा आलेले. मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीचे निवृत्त सुभेदार. फौजेचा पिक्चर म्हटल्यावर कडक इस्त्रीचा शर्ट घालून तेच सगळ्यांच्या आधी दारात उभे.

पडद्यावर अक्षरं उमटली, 'काश्मीर, पहाटे ५.३०'. सावल्या मात्र पायाखाली, म्हणजे भर दुपारचे बारा. बर्फ थर्माकोलचा, वारा सुटला की उडून दाढ्यांमध्ये अडकायचा. तेही सोसलं. पण अड्ड्याची भिंत जवळून दाखवली आणि माझ्यातला रत्नागिरीकर ताठ बसला. जांभा! लालभडक, भोकाभोकांचा चिरा, आणि मागे करवंदाची जाळी. आमच्या न्हाणीघराला लागलेला दगड या लोकांनी सीमेपलीकडे नेऊन बांधला होता.

हिरोने एके-४७ चालवायला घेतली. तिच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या. मामा मोजायला लागले. "एकोणतीस, तीस... अरं बदल की मॅगझिन! एकतीस, बत्तीस..." एकाहत्तरला त्यांनी नाद सोडला आणि वडा मागवला.

मग ग्रेनेड. हिरोने पिन दाताने उपसली. "दात येईल हातात, पिन न्हाय," मामा वड्यातूनच म्हणाले. पुढे त्याने खटकाही सोडला. तो सुटला की चार-पाच सेकंदांत खेळ खलास. पण हिरोला आई, माती आणि गेलेला मित्र, तिघांवरही बोलायचं होतं. ग्रेनेडने सगळं भाषण शांतपणे ऐकून घेतलं आणि मगच फुटला. इतका सुसंस्कृत श्रोता मला आमच्या व्याख्यानमालेतही भेटलेला नाही.

त्या स्फोटात पुतण्या गेला. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. दहा मिनिटांनी तोच, दाढी काढून आणि गॉगल लावून, मुंबईत बॉम्ब ठेवायला हजर! तिथे बांधकामाच्या परांचीवरून पडून पुन्हा गेला. शेवटच्या धुमश्चक्रीत बघतो तर तिसऱ्यांदा हजर, या वेळी आपल्या कमांडोंच्या तुकडीत.

"अगोबाई, ह्याने पक्ष बदलला की काय?" काकू म्हणाल्या.

एवढ्यात समोरून गोळी आली. मारणाऱ्याचं दृश्य मात्र पहिल्याच लढाईतलं उचलून पुन्हा चिकटवलेलं, आणि त्यात गोळी झाडत होता चौथा अतिरेकी. पुतण्याने पुतण्याला मारलं. मरता मरता त्याने तिरंग्याला सॅल्यूट ठोकला. काकूंना नेमकं कोणासाठी रडावं ते कळेना.

बाहेर पुतण्या उभाच होता. वाकून नमस्कार करत त्याने मामांना विचारलं, "कसं वाटलं?"

मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मेलास चांगला. तिन्ही येळेला. पण उघड्या डोक्यानं सॅल्यूट मारू नगंस, आपल्या फौजेत चालत न्हाय."