खुलासा : जुन्या ट्रकचे पत्रे कोणत्या क्रमाने बसवावेत

१९४७ ते १९५५ या काळातील शेवरोले पिकअपचे बॉनेट आधी बसवावे, दारे शेवटी लावावीत आणि उरलेल्या फटी पुट्टीने भराव्यात, असा संदेश माझ्या नावाने फिरत आहे. तो चुकीचा आहे. माझ्या आधीच्या लेखात क्रम स्पष्ट केलेला नव्हता, ही चूक मात्र माझीच.

केबिनमधील दाराची चौकट वेल्डिंगने पक्की झालेली असते, तर मडगार्ड आणि बॉनेट यांना बोल्टच्या भोकांत थोडी सरकायला जागा असते. म्हणून नव्या रबरी गाद्यांवर केबिन चासीला आवळून, गाडी चाकांवर उभी करून, प्रथम दारे जुळवावी लागतात. केबिनच्या एका कोपऱ्याखाली पातळ चकती सरकवली, तरी दाराच्या वरची फट बदललेली मी स्वतः पाहिली आहे. दाराचे रबर लावूनही एकदा तपासावे, कारण नवे जाड रबर दार बाहेर ढकलते. (हे रंगानंतर कळले तर फार जिवावर येते.) मडगार्ड त्यानंतर आणि बॉनेट सर्वांत शेवटी. उरलेल्या फटी पुट्टीने भरू नयेत, कारण पुट्टीचा जाड थर कालांतराने तडकतो.

तो जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा कळवावा.