काल मी केली केली

डाव्या मनगटावर फ्रोझन मटारचं पाकीट ठेवून उजव्या हाताने हे टाइप करतोय. हे दुसरं पाकीट. पहिल्याचं काय झालं ते पुढे येईल.

स्कॉटलंडमधल्या पर्थशायरच्या एका गावच्या हॉलमध्ये सहकाऱ्याचं लग्न होतं आणि रात्री 'केली', म्हणजे इथली सामूहिक नाचगाण्याची मैफल. स्पेलिंगमध्ये सात अक्षरं, त्यातली निम्मी शोभेची. मूळ गेलिक अर्थ भेटीगाठी, गप्पाटप्पा. आईला फोनवर म्हटलं, "काल केली होती," तर ती घाबरून म्हणाली, "काय केली होतीस?"

"तुम्हा लोकांच्या तर रक्तातच नाच असतो!" असं म्हणून मला ओढण्यात आलं. बारा वर्षं हेच वाक्य ऐकतोय. मी कराडचा, शाळेच्या लेझीम पथकातून पहिल्याच आठवड्यात हाकललेला. पण सिनेमात हिरोच्या मागे जे शंभर जण नाचतात त्यातला एक मी, अशी इथे पक्की समजूत.

त्यात बायका कमी पडल्या. खांद्यावर टार्टनचा, म्हणजे स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाचा, पट्टा टाकून मला बायकांच्या रांगेत उभं केलं. नाच 'स्ट्रिप द विलो'. समोरासमोर दोन रांगा, चार जोड्या. वरच्या जोडीने सोळा मोजेपर्यंत गरगरायचं, मग बाईने पुरुषांची रांग उतरायची. डावा हात परक्याला, उजवा आपल्या जोडीदाराला, पुन्हा डावा पुढच्या परक्याला. थोडक्यात फुगडी, पण दर चार ठोक्यांना समोरचा माणूस बदलणारी. माझा जोडीदार नवरीचा मामा, धंदा मेंढ्या पाळणं. दुसऱ्या परक्याला मी उजवा हात दिला. त्यापुढचा नाच मी घडीच्या खुर्च्यांच्या ढिगातून पाहिला.

हॉलच्या फ्रीजमधून मटार घेऊन आल्या त्या आजी. ऐंशीच्या पुढच्या.

"चूक कळली का, बाळा?"

"हात दुखतोय, आजी."

"उजवा दिलास. डावा द्यायचा होता."

"मला बायकांच्या रांगेत उभं केलं होतं हो, म्हणून..."

झालं. आजींनी खुर्ची जवळ ओढली.

"जून १९४०. फ्रान्समधलं सेंट व्हॅलेरी. आमची एक्कावन्नावी हायलँड डिव्हिजन जर्मनांच्या हाती लागली. अधिकाऱ्यांना बव्हेरियात लाउफेनच्या छावणीत कोंडलं. तिथे त्यांनी काय केलं?"

"भुयार खणलं?"

"नाच बसवला."

'रील ऑफ द फिफ्टी-फर्स्ट डिव्हिजन'. आजींनी माझ्या मनगटावरचं पाकीट उचललं, फोडलं आणि टेबलावर एकेक मटार मांडायला घेतला. हा पहिला पुरुष, ही त्याची जोडीदारीण, आता सगळ्यांनी मध्ये हात धरून तिरक्या रेषा करायच्या. मटारांचा फुलीसारखा क्रॉस झाला. सेंट अँड्र्यूचा, यांच्या झेंड्यावरचा. या नाचाच्या सूचना पत्रातून घरी निघाल्या तेव्हा जर्मन सेन्सॉरला ती गुप्त लिपी वाटली म्हणे. मला त्या सेन्सॉरबद्दल सहानुभूती आहे.

"छावणीत बायका किती होत्या?"

"...नसतील."

"निम्म्या पुरुषांनी बायकांची बाजू नाचली. अर्धपोटी. कुणी खुर्च्यांवर पडलं नाही."

तिथे खुर्च्या तरी होत्या का, असं विचारणार होतो. पण माझे मटार त्यांच्या ताब्यात होते.

राग आजींवर नाहीच. निदान त्यांनी माझ्याकडून काही अपेक्षा ठेवली नव्हती. राग आहे तो रक्तवाल्यांवर. मी पडलो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, फसवणूक झाल्याचा भाव होता, जणू दुकानदाराने भेसळीचा माल गळ्यात मारला. इथे कर भरतो, पावसाला शिव्या देतो, हॅगिस खातो. स्कॉटिश माणसाला नाच न येणं चालतं, त्याला लाजाळू म्हणतात. मला का नाही लाजता येत?

तेवढ्यात 'एटसम रील'ची घोषणा झाली. आठ जणांचा नाच, संगीताची ४६४ आवर्तनं (इथे 'बार' म्हणतात), प्रत्येकाने एकदा मध्ये उभं राहायचं. सात जण जमले. सगळे माझ्याकडे बघू लागले, मग मनगटाकडे, मग जमिनीकडे.

आजी उठल्या, काठी माझ्या हातात दिली आणि गेल्या. वितळणारा क्रॉस सांभाळत मी त्यांचे हात मोजत बसलो, उजवा, डावा, उजवा. एकदा तरी चुकाव्यात म्हणून. नाही चुकल्या.