प्रायव्हेट क्लाउडच्या नावाने फिरणारा तो फॉरवर्ड

‘ऑफिसचे फोन, मीटिंग, चॅट पब्लिक क्लाउडवर टाकणं म्हणजे तिजोरीची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवणं. प्रायव्हेट क्लाउड घ्या. सुरक्षित, आवाज स्वच्छ, कधी बंद पडत नाही आणि खर्च एकदाच.’ हा मजकूर मला चार ग्रुपवर आला, एकदा तर ग्राहकानेच पाठवला. ऑफिसांच्या फोन यंत्रणा बसवणं आणि दुरुस्त करणं हेच माझं काम, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी किल्लीचं बघू. पब्लिक क्लाउड म्हणजे एखाद्या कंपनीचे सर्व्हर, जे अनेक ग्राहक इंटरनेटवरून भाड्याने वापरतात. प्रायव्हेट म्हणजे आपल्याच इमारतीतला सर्व्हर, असं लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची २०११ची व्याख्या वेगळं सांगते: यंत्रणा एकाच संस्थेसाठी राखीव असली की ती प्रायव्हेट. मालकी तिसऱ्याची असू शकते, जागाही बाहेरची असू शकते. म्हणजे बऱ्याच वेळा किल्ली शेजाऱ्याकडेच असते, फक्त शेजारी बदलतो.

‘सुरक्षित.’ मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या ईमेल सर्व्हरमधल्या चार त्रुटी वापरून जगभरातल्या हजारो संस्थांच्या ईमेलवर डल्ला मारला गेला. तडाखा कोणाला बसला? स्वतःचा सर्व्हर स्वतः चालवणाऱ्यांना. त्याच कंपनीच्या क्लाउडवरच्या ईमेलला त्या त्रुटींची झळ लागली नाही. त्रुटी बुजवणारा पॅच आल्यावरही कित्येकांनी तो लावायला आठवडे घेतले. आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझाही फॉरवर्डच व्हायचा. २०२३ मध्ये त्याच क्लाउडवरच्या ईमेलमध्ये चोरलेल्या साइनिंग कीच्या (लॉगिन खरं असल्याची डिजिटल सही करणाऱ्या किल्लीच्या) जोरावर घुसखोरी झाली, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे मेल वाचले गेले आणि पुढे सरकारी चौकशीत कंपनीवर कडक ताशेरे ओढले गेले. त्यामुळे पब्लिक की प्रायव्हेट, यापेक्षा शनिवारी रात्री पॅच आला तर तो कोण लावणार, हे मला आधी कळायला हवं.

‘आवाज स्वच्छ.’ याच दाव्यावर सर्वाधिक पैसे वाया जाताना मी पाहिलेत. इंटरनेटवरून जाणारा आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो, म्हणजे एका दिशेने सेकंदाला ५० पॅकेट. जी.७११ हा जुना कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) धरला तरी एका कॉलला प्रत्येक दिशेने साधारण ८७ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) लागतात; वीस कॉल एकदम चालले तरी दोन एमबीपीएसच्या आतच. एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर कानाला फारसा जाणवत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. पब्लिक क्लाउडचं डेटा सेंटर जवळपास असेल तर हे आकडे सहज सांभाळले जातात.

मग आवाज तुटतो कुठे? बहुतेक वेळा ऑफिसच्या दारातच. एका ऑफिसात रोज संध्याकाळी साडेपाचला कॉल खरखरायचे, समोरचा माणूस अर्धे शब्द गिळल्यासारखा बोलायचा. प्रायव्हेट क्लाउडचं कोटेशनही येऊन पडलं होतं. आलेख काढला तर ५:३१ला पॅकेट गळायला सुरुवात, सव्वासहाला बंद. हिशेबाच्या कॉम्प्युटरचा बॅकअप त्याच वेळी सुरू व्हायचा आणि अपलोडची सगळी लाइन गिळायचा. राउटरवर आवाजाच्या पॅकेटना अग्रक्रम दिला, बॅकअप रात्री दोनवर ढकलला. कोटेशन फाइलीतच राहिलं. सर्व्हर कुठेही नेला असता तरी कॉल त्याच तुंबलेल्या लाइनवरून गेला असता. मात्र ऑफिस ते डेटा सेंटर अशी स्वतंत्र भाड्याची लाइन घेणार असाल तर प्रायव्हेटचा आवाज खरंच भरवशाचा असतो. पण त्यात कौतुक लाइनचं.

‘कधी बंद पडत नाही’ यावर फार शाई नको. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक सुमारे सहा तास गायब होतं. सगळं प्रायव्हेटच होतं: डेटा सेंटर स्वतःची, नेटवर्क स्वतःचं, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी यंत्रणा) स्वतःचं, आणि दुरुस्तीला लागणारी अंतर्गत साधनंही त्याच नेटवर्कवर असल्यामुळे तीही आडवी झाली. सेवा किती वेळ चालू राहील याचा करारातला आकडाही नीट वाचा: ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा, ९९.९९ म्हणजे ५३ मिनिटांच्या आसपास.

‘खर्च एकदाच’ ही तर थापच. आठवड्यात १६८ तास असतात आणि एक माणूस चाळीसेक तास काम करतो. चोवीस तास लक्ष ठेवायचं तर सुट्ट्या धरून पाच माणसं लागतात, शिवाय परवाने, सुटे भाग आणि काही वर्षांनी नवा सर्व्हर. हो, शेकडो एजंट तिन्ही पाळ्यांत बसणारं कॉल सेंटर असेल तर पब्लिकचं दरमाणशी दरमहा भाडं साचत जातं, तिथे प्रायव्हेट स्वस्त पडू शकतं. पाच वर्षांचा हिशेब मांडून बघा.

फॉरवर्डने एक मुद्दा मांडायला हवा होता, तो राहिलाच: डेटा कोणाच्या कायद्याखाली येतो. २०१८च्या क्लाउड अॅक्ट या अमेरिकी कायद्यानुसार तिथल्या तपास यंत्रणांना अमेरिकी कंपनीकडे परदेशातल्या सर्व्हरवरचा डेटाही मागता येतो. ज्यांच्या कॉल रेकॉर्डिंगवर नियामकाची नजर असते त्यांनी प्रायव्हेट घ्यावं, किंवा निदान एन्क्रिप्शनची की (डेटाच्या कुलुपाची किल्ली) स्वतःकडे ठेवावी. रेकॉर्डिंग आपल्याकडे आणि रोजचे कॉल, चॅट पब्लिकवर, असा मिश्र संसारही बरेच जण करतात.

ज्या ग्राहकाने मजकूर पाठवला होता त्याला मी एवढंच विचारलं, सध्याचा सर्व्हर शेवटचा अपडेट कधी केला? त्याने दोन दिवसांनी कळवलं की अॅडमिनचा पासवर्ड ज्याच्याकडे होता तो गेल्या वर्षीच नोकरी सोडून गेला. सध्या त्याची शोधाशोध चालू आहे.